तुमच्या पावलानं तीन

गजभिये काकांशी हस्तांदोलन केलेला माणूस आमच्या बिल्डिंगमध्ये शोधून सापडणार नाही. त्यांचे हात कायम पाठीमागे. उजव्या हाताने डाव्या हाताचं मनगट घट्ट धरलेलं आणि छाती पुढे. चालताना तसंच, बोलताना तसंच. ठेल्यावर भाजी घेतानासुद्धा काका पाठमोरे उभे राहतात आणि ठेलेवाला पिशवी त्यांच्या पाठीमागच्या बोटांत अडकवून देतो. मी नागपुरात बेसाला राहायला आलो त्या दिवशी लिफ्टजवळ त्यांच्यापुढे हात केला, तर तो तसाच हवेत राहिला. काकांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, "जय भीम" म्हणाले आणि लिफ्टमध्ये शिरले. माणूस फारच साहेबी दिसतो, असं माझ्या मनात आलं.

साहेबी कसले! काका चौतीस वर्षं बसस्टँडवर उद्घोषक होते. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली, कुठून सुटणार, कुठे थांबणार, हे माइकवरून पुकारायचे. रिटायर झाल्यावर माइक सुटला, पुकारणं सुटलं नाही. त्या दिवशी मी त्यांच्यामागून लिफ्टमध्ये शिरलो, दार बंद झालं आणि आवाज आला, "कृपया लक्ष द्या. चौथ्या मजल्याकडे जाणारी लिफ्ट सुटत आहे. प्रवाशांनी दारापासून दूर उभे राहावे." मी छताकडे बघून स्पीकर शोधू लागलो. "मजला दुसरा. उतरणाऱ्यांना आधी उतरू द्यावे." उतरणारं कोणीच नव्हतं. बोलत होते काका, नजर समोर, हात मागे. ते स्वतः राहतात पहिल्या मजल्यावर. पण लिफ्टमध्ये माणूस असला की त्याला मुक्कामापर्यंत पुकारत न्यायचं आणि मग रिकामी लिफ्ट घेऊन खाली यायचं, हा त्यांचा नेम आहे.

पुकारायची भाषा शुद्ध आणि छापील, बाकीची नागपुरी. एकीतून दुसरीत जाताना ते दमसुद्धा घेत नाहीत. "तिसऱ्या मजल्यावरील प्रवाशांनी आपले सामान सांभाळून न्यावे... अबे, पाय घे ना बाजूले, दार लागून राहिलं!"

काकांसमोर 'तिकडे' आणि 'इथे' हे शब्द काढायची सोय नाही. बोट दाखवणं तर गुन्हाच. एकदा गेटवर कुरिअरवाल्याने ऑफिसचा पत्ता विचारला आणि मी म्हणालो, "तिकडे आहे, त्या बाजूला." काका मागेच उभे होते.

"तिकडं म्हणजे कुठं गा, प्रमोद? चौतीस वर्षांत तिकडं नावाचं गाव एकाही गाडीच्या पाटीवर नव्हतं."

"काका, बोट दाखवतोय ना मी."

"बोट ऐकू येते का?"

बोट ऐकू येते का, हे त्यांचं ब्रीदवाक्य. त्यांनी डोळे मिटले आणि कुरिअरवाल्याला सांगायला सुरुवात केली. गेटपासून सतरा पावलं सरळ. डाव्या हाताले पाण्याच्या मोटरची घरघर ऐकू येईन. थे मागं पडली का उजवीकडं वळजो. चार पायऱ्या, पाचवी नाही, पाचवी समजून पाय टाकशीन तं धडपडशीन. कुरिअरवाल्याचे दोन्ही डोळे शाबूत होते आणि ऑफिसची पाटी त्याला समोर दिसत होती. तो पार्सल माझ्याच हातात कोंबून पळाला.

आता माझा स्वतःचा पंचनामा करतो. मी डिझाइनचं काम करतो. लग्नपत्रिका, फ्लेक्स, दुकानांच्या पाट्या. सोसायटीच्या गणपतीची पत्रिका मी हौसेने केली होती. मरून रंगावर सोनेरी अक्षरं, प्रत्येक वेलांटीला एक वेल, प्रत्येक वेलीला एक फूल. सगळ्यांनी वाहवा केली. काका पत्रिका घेऊन माझ्या घरी आले आणि म्हणाले, "खोबऱ्याचं तेल हाय का घरी?" मला वाटलं, डोकं दुखत असेल. काकांनी बोटावर तेल घेतलं, आपल्या चष्म्याच्या दोन्ही काचांना चोपडलं आणि चष्मा टेबलावर ठेवून मला घालायला लावला. "वाच आता."

मी वाचायला लागलो. गणपती दिसला. तो कुठल्याही काचेतून दिसतोच. पुढे नुसता मरून चिखल आणि त्यात सोनेरी गांडुळं. माझीच अक्षरं, मीच तीन रात्री बसून काढलेली, आणि मला त्यातलं एक वाचता येईना.

"हे पत्रिका हाय का परीक्षा?" काका म्हणाले. "महाप्रसाद कोणत्या दिवशी, थे सांग."

मी ओशाळून हसलो. पण पत्रिका छापून वाटून झाली होती. महाप्रसादाच्या दुसऱ्या दिवशी दोन म्हातारी जोडपी नीटनेटके कपडे करून मांडवात येऊन बसली आणि काकांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. तेव्हापासून मी अक्षर जाड काढतो, काळं काढतो आणि वेली लावायच्याच असतील तर लांब, कोपऱ्यात लावतो. गिऱ्हाईक कुरकुरतं. मी घरात तेल तयार ठेवतो.

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही काकांचा पहारा. कोणी नुसता फोटो टाकला की खाली त्यांचा निरोप येतो, 'चित्रात काय आहे ते लिहावे.' आमचे सेक्रेटरी बोंडे साहेब बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. ते रोज सकाळी सुविचाराचं चित्र टाकतात. काकांच्या सहा निरोपांनंतर बोंडे साहेबांनी वैतागून लिहिलं, 'चित्रात गुलाब आहे.' काकांनी विचारलं, 'रंग?' बोंडे साहेबांनी लिहिलं, 'गुलाबी.' आणि मग, बहुतेक दात ओठ खात, 'गुलाबावर दव आहे.' काका म्हणाले, 'धन्यवाद. आता सकाळ झाली.'

यातली खरी गंमत अशी की आमच्या बिल्डिंगमध्ये न दिसणारं माणूस एकही नव्हतं. काकांनी लिफ्टच्या बटणांशेजारी नळाची गळती बुजवायची पुट्टी लावून बारीक टिपके उठवले, पहिल्या मजल्याला एक, दुसऱ्याला दोन, असे चौथ्यापर्यंत चार. तेव्हा बोंडे साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलंच, "काका, हे कोणासाठी? आहे कोण आपल्याकडे असं?"

"येईन कोणी."

"आल्यावर बघू ना मग."

"साहेब, गाडी येऊन उभी राहिल्यावर फलाट बांधते का कोणी?"

सगळे हसले, मीही हसलो. एकटा माणूस, बायको जाऊन काही वर्षं झालेली, घरात बोलायला कोणी नाही. वेळ घालवायला करत असेल, असं आम्ही धरून चाललो. बायकोविषयी ते कधी बोलत नसत आणि आम्हीही विचारलं नाही.

मग माझी आई आली.

आईला काचबिंदू होता. गावाला नरखेडकडे ती मोठ्या भावाजवळ राहायची. आमच्याकडे कळलं तेव्हा उशीर झाला होता. आता तिला फक्त उजेड आणि अंधार कळतो. भाऊ आणि वहिनी दिवसभर मोसंबीच्या बागेत, आई घरात एकटी, आणि एक दिवस ती विहिरीच्या ओट्यावरून पडली. सुदैवाने बाहेरच्या बाजूला पडली. मी गाडी काढली आणि तिला बेसाला घेऊन आलो. निघताना ती म्हणाली, "महिनाभर पाहतो. नाही जमलं तं मले आणून सोडजो." गावाला परत गेली तर भाऊ तिला खाटेवरून उठू देणार नाही, हे मला माहीत होतं. त्याचंही चूक नव्हतं, भीतीच तशी होती. पण खाटेवर बसलेली आई मला नको होती. हीच आई डोक्यावर संत्र्यांचं टोपलं घेऊन बांधावरून पळायची.

आमच्या घरी तरी दुसरं काय झालं? पहिले दहा दिवस ती पलंगावर बसून राहिली. पाणी मागितलं की कल्पना, म्हणजे माझी बायको, ग्लास हातात द्यायची. उठली की मी धावत जाऊन दंड धरायचो. आम्ही दोघं अगदी आदर्श मुलगा-सून झालो होतो. आई दिवसेंदिवस गप्प होत चालली होती.

अकराव्या दिवशी काका आले. दारात उभे राहून त्यांनी घसा साफ केला. "कृपया लक्ष द्या. पहिल्या मजल्यावरून आलेले गजभिये दारात उभे आहेत. ताई, राम राम."

आई चमकली. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. "राम राम, भाऊ. गाडी कुठून आली म्हणता?"

त्या दिवसापासून काकांनी आमचं घर ताब्यात घेतलं. स्वयंपाकघरातल्या डब्यांना रबरं चढली. एक रबर साखर, दोन रबरं चहापत्ती, तीन मीठ. आईच्या पाण्याच्या बाटलीला एक जाड रबर. गॅसच्या बटणावर पुट्टीचा टिपका. कपाच्या काठावर बोट आत वाकवून चहा ओतायचा, चटका लागायच्या आत थांबायचं. कल्पना तिच्या मदतीला पुढे झाली की काका ओरडायचे, "धरू नको वं! सांग!" आणि स्वतः पाठीमागे मनगट आवळून दोन हात अंतरावर उभे राहायचे. चहा ओट्यावर सांडला, साखर जमिनीवर पसरली, एकदा दुधाच्या भांड्यात मीठ पडलं, पण काकांचे हात पुढे आले नाहीत. मला त्यांचा थोडा रागही यायचा. म्हाताऱ्या बाईला एक हात दिला तर काय बिघडतं?

पण आई उठली. पंधरा दिवसांत ती चहा करू लागली. जिन्याच्या मजल्यामागे अठरा पायऱ्या तिने पाठ केल्या. रोज संध्याकाळी लिफ्टने खाली जायचं, कडुलिंबाखालच्या बाकावर बसायचं आणि पुट्टीचे चार टिपके चाचपून वर यायचं. सोबत काका पुकारत असायचेच. "चौथ्या मजल्याच्या प्रवासी ताई, आपले स्थानक आले आहे." फोनवर ती गावच्या बायकांना सांगायची, "आमच्या इथची लिफ्ट बोलते बाप्पा!" महिना संपत आला आणि परत जायची गोष्ट तिने काढली नाही. मी मनातल्या मनात देवाला आणि गजभिये काकांना हात जोडले.

नेमका त्याच आठवड्यात बोंडे साहेबांनी लिफ्टला नवा पॅनल बसवला. काळ्या काचेचा, सपाट, स्पर्शावर चालणारा. बटणं नाहीत, नुसते निळे आकडे उजळतात. साहेबांना त्याचा फार अभिमान. जुनी बटणं, काकांच्या टिपक्यांसकट, एका पिशवीत बांधून मीटररूममध्ये ठेवली.

"साहेब, हे तं ताट झालं," काका म्हणाले. "ताटावर हात फिरवून मजला कसा समजन?"

"काका, नवीन जमाना आहे. आणि पुकारायला तुम्ही आहातच की."

दुसऱ्या दिवशी काका लिफ्टमध्ये डोळे मिटून उभे होते आणि पॅनलवर आपला पंजा ठेवून मोजत होते. त्यांचा हात पुढे आलेला मी पाहिला नाही असं मघाशी म्हणालो, ते माणसांच्या बाबतीत. भिंती आणि वस्तूंच्या बाबतीत चालतो. मापं पक्की झाल्यावर त्यांनी आईला पाठ करून दिलं. पॅनलच्या खालच्या काठापासून वर एक वीत आणि चार बोटं, तिथे चौथा मजला.

आईने दोन दिवस काकांसोबत ते घोकलं. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, बाकावरून उठून ती म्हणाली, "भाऊ, आज तुम्ही खालीच राहा. मी एकटी जातो." काका लिफ्टबाहेर उभे राहिले. दार लागलं. एक वीत, चार बोटं. लिफ्ट हलली.

फक्त एक घोटाळा झाला होता. घोकताना दोन्ही दिवस काका बाजूला उभे राहून "अजून वर, अजून थोडं, बस" असं सांगत होते आणि आईचं बोट जागेवर जात होतं. वीत मोजली होती काकांच्या पंजाने. काकांचा पंजा म्हणजे पोळपाट. आईची वीत दोन बोटांनी तोकडी. सांगणारं कोणी नव्हतं तेव्हा तिने तिचीच वीत धरली आणि तिचं बोट तिसऱ्या मजल्यावर पडलं.

तिसऱ्या मजल्यावर, आमच्या बरोबर खाली, बोंडे साहेब राहतात. सगळे फ्लॅट एका नकाशाचे. लिफ्टमधून उजवीकडे, सहा पावलं, दार. दार वाऱ्यासाठी उघडं होतं. आई आत गेली, डावीकडे तीन पावलांवर दिवाण असायला हवा, तो होता, ती बसली. पुढचं मला बोंडेबाईंनी नंतर सांगितलं, हसू आवरत आवरत.

आई म्हणाली, "कल्पना, चहा मांड वं थोडा. आज मी एकटी आली." बोंडेबाई स्वभावाने गरीब. म्हाताऱ्या बाईला कसं तोडायचं, म्हणून त्या मुकाट्याने आत जाऊन चहा टाकायला लागल्या. समोर खुर्चीत बोंडे साहेब पेपर वाचत होते. त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. आई मात्र खुशीत होती. एकटी आल्याच्या आनंदात तिने सगळं मोकळं केलं. "थो तिसऱ्या मजल्यावरचा बोंडे, बँकेतला, शिकलेला माणूस म्हणतेत. लिफ्टचं ताट करून ठेवलं! त्याच्या मायले जर दिसत नसतं, तं लावलं असतं का त्यानं असं ताट?" पेपर आणखी वर सरकला. "काहून गा प्रमोद, बोलत काहून नाही? घाबरते का तू त्या बोंडेले?"

बोंडेबाई चहा घेऊन आल्या. आईने आधी पाणी प्यायला बाजूच्या स्टुलावरची बाटली चाचपली. बाटलीला रबर नव्हतं. तिने पुन्हा चाचपली. मग दिवाणाची कड चाचपली, चादर चाचपली, आणि तिचा चेहरा उतरला.

"हे आपलं घर नव्हे," ती म्हणाली.

"माझं आहे, आजी," बोंडे साहेब म्हणाले. "मी बोंडे."

बोंडेबाईंचा फोन आला तसा मी धावत खाली गेलो. आई दिवाणाची कड धरून उभी होती. काका आल्यापासून ती माझा हात झटकायची. आज मी धरलं तर झटकला नाही. जिना चढताना ती पायऱ्या मोजत नव्हती. घरी आल्यावर म्हणाली, "मले गावाले सोडून दे. लोकायच्या घरात घुसाची पाळी आली." मी समजावलं, कल्पनाने समजावलं, बोंडे साहेब स्वतः वर येऊन दारात उभे राहून माफी मागून गेले. आईने बॅग भरायला लावली. रविवारी सकाळी निघायचं ठरलं. ती पुन्हा पलंगावर जाऊन बसली आणि पाणीसुद्धा मागून घेऊ लागली.

शनिवारी दिवसभर काका दिसले नाहीत. आमच्याकडे आले नाहीत, लिफ्टमध्ये नव्हते, ग्रुपवर बोंडे साहेबांच्या चित्राखाली त्यांचा निरोप नव्हता. दुपारी चारच्या सुमारास आई म्हणाली, "आज लिफ्ट बोलली नाही."

"काका बाहेर गेले असतील."

"गेले नाहीत. भाऊले सांगितल्याशिवाय मी गावाले जाणार नाही." ती उठली. चपला शोधल्या, दार उघडलं आणि लिफ्ट सोडून जिन्याकडे वळली.

मी धरायला पुढे झालो आणि थांबलो. का थांबलो, सांगता येत नाही. तीन पायऱ्या मागे राहून मी तिच्यामागून उतरू लागलो, आणि तिसरा मजला यायच्या आतच माझ्या लक्षात आलं की माझे हात आपोआप पाठीमागे गेलेत. दुसरा इलाजच नव्हता. समोर आई कठडा धरून, पाय चाचपत, तिच्या अंधारात एकेक पायरी उतरते आहे आणि हात मोकळे असले तर ते पुढे जाणारच. मनगट जोरात धरलं तेव्हा कुठे ते जागेवर राहिले. काकांचे हात पाठीमागे का असतात, ते मला त्या जिन्यावर कळलं. मघाशी मी त्यांना साहेबी म्हणालो, ते शब्द परत घेतो.

दुसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडं होतं. मेकॅनिक काळी काच उतरवत होता आणि बोंडे साहेब जुन्या बटणांची पिशवी घेऊन त्याला टॉर्च दाखवत उभे होते. त्यांनी आईला बघितलं, बोलायला तोंड उघडलं, आणि मी मान हलवताच मिटलं.

चोपन्न पायऱ्या संपल्या. काकांचं दार अर्धवट उघडं होतं, आतून चहाचा वास येत होता. आईने दार वाजवलं.

"भाऊ, चौथ्या मजल्याची प्रवासी आली हाय."

काका ओट्यापाशी उभे होते. वळले, आईला एकटी बघून पुढे झाले, आणि हात मागे घेतले. बाहेर जिन्यावर मी उभा आहे, हे त्यांना दिसलं नाही.

"ताई, माफ करजा," ते म्हणाले. आवाज लिफ्टमधला नव्हता. "चूक माही. मी माह्या हातानं मोजलं. तुमचा हात पाहाले पाहिजे होता."

"एवढ्यासाठी दिवसभर घरात बसून राहिले का?"

काका खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "शांताले सहा वर्षं दिसत नव्हतं, ताई. माही बायको. मी तिले एक काम करू देलं नाही. ग्लास हातात, घास तोंडात. उठली का मी धावत जाऊन दंड धरू. सारे म्हणत, नवरा असावा तं असा. मलेही तसंच वाटे. खिडकीजवळ खुर्ची ठेवून देली तिले, म्हटलं तू बस, मी आहो ना. बसली थे. दिवसभर मी स्टँडवर हजार लोकायले सांगू, कोणती गाडी कुठं हाय. अन् घरी तिले साखरेचा डबा कुठं हाय, थेही सांगितलं नाही. एक दिवस म्हणे, तुम्ही साऱ्यायले सांगता, मलेही नुसतं सांगत जा ना, धरू नका. मी हासलो. मले वाटलं, गंमत करून राहिली. त्यानंतर लवकरच गेली. तुमच्यासोबतही तेच केलं. पुन्हा माह्याच हातानं."

आई दारातच उभी होती. माझे डोळे भरून आले आणि नाक ओढायचीही चोरी होती. आई म्हणाली, "भाऊ, तुमचं घर कसं हाय, थे सांगा मले."

काकांनी घसा साफ केला. "कृपया लक्ष द्या," म्हणाले, आणि छापील भाषा तिथेच संपली. "दारातून सरळ टेबल हाय, त्यावर रेडिओ. समोर भिंतीवर बुद्धाचा फोटो, चंदनाचा हार घातलेला. डाव्या हाताले ओटा. उजवीकडं खिडकी, ऊन येऊन राहिलं. खिडकीजवळ खुर्ची हाय. वेताची. रिकामी."

"कुठं?"

"उजव्या हाताले, दोन पावलं." आईने पाय उचलला. "थांबा, थांबा ताई. माह्या पावलानं दोन. तुमच्या पावलानं तीन."

आईने उजवीकडे वळून तीन पावलं टाकली, हात खाली नेला, खुर्चीची पाठ सापडली. ती बसली. काका पाठीमागे मनगट आवळून उभे होते, बोटं पांढरी पडली होती. खुर्ची कुरकुरली तसे त्यांनी डोळे मिटले.

"चहा उकळून राहिला तुमचा," आई म्हणाली. "साखर टाकली का?"

"नाही अजून."

"कुठं हाय, थे फक्त सांगा."

"ओट्यावर. डाव्या कोपऱ्यातून दुसरा डबा."

आई उठली, भिंतीच्या आधाराने ओट्यापाशी गेली, डबा चाचपला आणि तिचं बोट थांबलं. "एक रबर. म्हंजे साखर. भाऊ, तुम्हाले तं दिसते. तुमच्या घरी हे कोणासाठी?"

"शांतासाठी," काका म्हणाले. "थे गेल्यावर लावले."

आईने साखर घातली, गॅस बंद केला आणि काठावर बोट ठेवून कपात चहा ओतला. थोडा सांडला. मग दाराकडे तोंड करून म्हणाली, "प्रमोद, चौथ्या मजल्यापासून मागं मागं येऊन राहिला, माहीत हाय मले. वर जा अन् थे बॅग रिकामी कर."

मी हो म्हणालो, पण लगेच गेलो नाही. आई कप घेऊन वळली आणि तिने तो दोन्ही हातांनी समोर धरला.

"भाऊ, कप तुमच्या समोर हाय. छातीच्या उंचीवर, एका पावलावर, तुमच्या पावलानं. गरम हाय, सांभाळून. हात पुढं करा."

काका एक पाऊल पुढे आले. पाठीमागची मूठ सुटली, आणि त्यांचे दोन्ही हात माणसापुढे आलेले मी पहिल्यांदा पाहिले.